कुत्रं साखळीनं बांधून ठेवणं: कायदा काय सांगतो आणि गावात नेमकं काय करायचं

आमच्या वावरातल्या कोठ्यासमोर एक मोठा कडुनिंब आहे. दहाएक वर्षं झाली असतील, मे महिना होता, घरचे सगळे नात्यातल्या लग्नाला निघालो. बाबांनी सकाळी आठला मोत्याला निंबाच्या सावलीत बांधलं, घमेलंभर पाणी ठेवलं, भाकर टाकली, म्हणजे त्यांच्या हिशोबानं सगळी सोय केली. चार वाजता परत आलो तर सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली होती, खुंट्याभोवती फिरून फिरून साखळी हातभर उरली होती, घमेलं त्याच साखळीनं उपडं केलं होतं अन् मोत्या गेला होता. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. त्या कुत्र्यावर त्यांचा जीव होता हे गावात कोणीही सांगेल.

हे आधी सांगायचं कारण, कायद्यात "क्रूरता" असा शब्द आहे आणि तो ऐकला की गावातला माणूस म्हणतो आम्ही कुठं क्रूर आहोत, आम्ही तर घासातला घास देतो. पण कायदा मनात काय होतं ते विचारत नाही, साखळी किती लांब होती, किती तास होती, पाणी होतं का, सावली होती का हे विचारतो. आणि खरं सांगायचं तर कुत्र्याचा जीवही याच चार गोष्टींवर अवलंबून असतो.

कायद्यात नेमकं काय लिहिलंय

पहिली गोष्ट, आपल्या देशात कुत्रं बांधणं हा गुन्हा नाही. कसं, कशानं आणि किती वेळ बांधलं यावर गुन्हा ठरतो. कायदा जुना आहे, १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याचं कलम ३ म्हणतं की ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्यानं त्याच्या भल्यासाठी आणि त्याला विनाकारण त्रास होऊ नये म्हणून वाजवी ती सगळी काळजी घ्यायची. कलम ११ मध्ये गुन्ह्यांची यादी आहे, त्यातली तीन पोटकलमं आपल्या कामाची.

एफ म्हणजे जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं वा दोरानं अवाजवी वेळ बांधून ठेवणं. हे नीट वाचा, कारण इथं दोन गोष्टी एकत्र लागतात, साखळी आखूड किंवा जड असली पाहिजे आणि वेळही जास्त असला पाहिजे. नुसतं "दिवसभर बांधते" किंवा नुसतं "साखळी आखूड आहे" असं लिहिलेली तक्रार इथंच कच्ची पडते.

पोटकलम जी, त्यात तर कुत्र्याचं नावच आहे. जे कुत्रं नेहमी बांधलेलं किंवा कोंडलेलं असतं त्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही, हात-पाय मोकळे करू दिले नाहीत तर तोच गुन्हा. माझ्या मते गावातल्या प्रकरणात हे पोटकलम सगळ्यात उपयोगी, कारण साखळी मोजत बसायची गरज नाही, कुत्रं कायम बांधलेलं असते आणि कधीच सुटत नाही एवढं चार शेजारी सांगू शकतात.

एच म्हणजे मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं. आमचा मोत्याचा प्रकार यातच बसला असता.

आणखी एक, कलम ११ च्याच उपकलम (२) प्रमाणे मालकानं वाजवी काळजी आणि देखरेख ठेवली नाही तरी गुन्हा त्याचाच धरतात. म्हणजे "सालदारानं बांधलं, मी तर शहरात होतो" हे चालत नाही.

आता दंडाचं ऐका. पहिल्या वेळेस दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत परत तोच गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पन्नास रुपये! १९६० साली ही रक्कम असेल काही, आज चहा-पोहे पण येत नाहीत. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही. पण म्हणून कायदा बिनकामाचा आहे असं नका समजू. कलम २९ खाली गुन्हा सिद्ध झाला आणि जनावर परत मालकाकडं दिलं तर परत छळ होईल असं कोर्टाला वाटलं तर कोर्ट ते जनावर काढून घेऊ शकतं. कलम ३४ खाली शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस, गरज असेल तर जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी मॅजिस्ट्रेट किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढं नेऊ शकतो. कुत्रं मरायला टेकलंय तेव्हा हे कलम कामाचं.

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती अन् जल्लीकट्टूच्या प्रकरणात याच कलम ३ आणि ११ ला राज्यघटनेच्या ५१-ए (जी) सोबत वाचलं, म्हणजे प्रत्येक नागरिकानं जीवमात्राबद्दल दया ठेवावी या कर्तव्यासोबत, आणि जनावराला भूक-तहान, अस्वस्थता, दुखणं, भीती यापासून मोकळीक आणि आपल्या स्वभावाप्रमाणं वागायची मोकळीक पाहिजे असं सांगितलं. पुढं शर्यतींबद्दलचा निकाल बदलला, राज्यांनी कायदे केले, तो वेगळा विषय.

आपल्या कायद्यात किती फूट, किती तास हे कुठंच नाही, "वाजवी" एवढाच शब्द. मग वाजवी म्हणजे काय? अंदाज यावा म्हणून बाहेरचं उदाहरण देतो, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात कुत्र्याला एका जागी दिवसाच्या चोवीस तासात तीन तासांपेक्षा जास्त बांधता येत नाही. टेक्सासमध्ये २०२२ पासून लागू असलेल्या कायद्यात बांधायचा दोर कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट किंवा दहा फूट यातलं जे जास्त तेवढा तरी पाहिजे, आणि साखळी किंवा वजन लटकवलेला दोर चालतच नाही. हे कायदे आपल्याकडं लागू नाहीत, ठाण्यात जाऊन सांगू नका, पण आपल्या अंगणात माप घ्यायला चांगले आहेत.

आधी घरचं कुत्रं

दुसऱ्याच्या अंगणात बघायच्या आधी आपलं नीट करा, नाहीतर कोणी ऐकत नाही.

टेप घ्या. कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा. आपलं गावठी कुत्रं अडीच-तीन फूट भरते, त्याला पाचानं गुणलं की बारा ते पंधरा फूट. आपल्याकडं बहुतेक कुत्री चार-पाच फुटाच्या साखळीवर असतात, ते पाहिलं की फरक कळतो. मग ती साखळी तराजूवर ठेवा. बरेच जण बैलाची किंवा म्हशीची जुनी साखळी कुत्र्याला लावतात कारण घरात पडलेली असते. पंधरा किलोच्या कुत्र्यानं दोन किलोचं लोखंड गळ्यात वागवायचं म्हणजे आपण दिवसभर डोक्यावर पोतं घेऊन फिरण्यासारखं आहे. माझं म्हणणं, अर्ध्या किलोच्या वर साखळी नकोच. नायलॉनचा जाड दोर चालतो, कुरतडत असेल तर पट्ट्याजवळचा हातभर तुकडा साखळीचा ठेवा.

पट्टा रुंद घ्या, तार किंवा सुतळी गळ्यात कधीच नको. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पिल्लाला पट्टा घातला असेल तर दर आठ दिवसांनी बघाच, पिल्लू वाढते पट्टा वाढत नाही, मग तो कातडीत रुततो, पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडतात आणि वास येईपर्यंत घरच्यांना कळत नाही. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू तर बांधूच नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खुंटा. मोत्या साखळीनं नाही, खुंट्यानं गेला असं मला वाटते. एका खुंट्याला बांधलेलं कुत्रं गोल फिरते, दोर गुंडाळत जातो, बारा फुटाचा दीड फूट होतो. उपाय सोपा आहे. दोन झाडांमध्ये किंवा दोन खांबांमध्ये माणसाच्या डोक्याच्या उंचीवर जाड तार ताणून बांधा, पंधरा-वीस फुटाची, त्यात एक कडी ओवा आणि कुत्र्याचा दोर त्या कडीला बांधा. कुत्रं तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळते. दोन्ही टोकांना झाडाच्या तीन-चार फूट आधी तारेला गाठ किंवा क्लॅम्प मारा म्हणजे कडी तिथं अडेल आणि दोर झाडाला गुंडाळायचा धोका कमी होईल. दोर आणि पट्टा यांच्यामध्ये गोल फिरणारी कडी टाका, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, त्यानं पीळ बसत नाही. तार टाकताना हेही बघा की दोर विहिरीपर्यंत, ओट्याच्या कडेपर्यंत किंवा कुंपणाच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही, कारण कुत्रं मांजरामागं भिंतीवरून उडी मारते आणि पलीकडं दोर संपतो, गळफास बसतो. असं मी स्वतः पाहिलंय.

पाणी: पंधरा किलोच्या कुत्र्याला साध्या दिवसात लिटरभर तरी लागते, उन्हाळ्यात दुप्पट धरा. घमेलं, टोपलं उपडं होते म्हणून मातीची जड कुंडी किंवा फुटक्या माठाचं बूड घ्या आणि जमिनीत निम्मं गाडून टाका. ती दोराच्या टप्प्यात असावी पण तारेच्या बरोब्बर खाली नको. आणि ती सावलीत ठेवा, उन्हात दुपारचं पाणी अंघोळीच्या पाण्याएवढं गरम होते.

सावली: एकदा रविवारी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्या जागेवर जाऊन उभे राहा. तिन्ही वेळेस सावली असेल तरच ती जागा बांधायची. टिनाच्या शेडला सावली म्हणू नका, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाखाली भट्टी असते. टिनावर पऱ्हाट्या, तुराट्या टाका, वर ओलं बारदान टाका, नाहीतर ताटीचा साधा मांडव करा, तो टिनापेक्षा बरा. आणि एप्रिल ते जून, अकरा ते पाच, कुत्रं बाहेर बांधूच नका, कोठ्यात घ्या, ओसरीत घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करते, आणि हवाच तापलेली असेल तर धापा टाकूनही उपयोग होत नाही.

कुत्रं जोरजोरात धापतंय, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, उभं राहता येत नाही, उलटी करतंय, तर समजा ऊन लागलं. लगेच सावलीत न्या, पोटावर, मांडीच्या आत, पंजांवर साधं थंड पाणी टाका, बर्फ नको, कूलरसमोर ठेवा, शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा, बळजबरीनं तोंडात ओतू नका, आणि दवाखान्यात फोन लावा. गाडी येईपर्यंत पाणी मारणं चालू ठेवा, थांबून वाट पाहत बसू नका.

पावसाळ्यात चिखलात उभं राहून पंजे सडतात, म्हणून फळी किंवा फरशी द्या. विजा चमकतात तेव्हा झाडाखाली बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही, वावरातून घरी येताना बैल सोडून आणता तसं त्यालाही आणा. गोचीड झाल्या तर कपाशीवरचं फवाऱ्याचं औषध अंगाला लावायची पद्धत आपल्याकडं आहे, हात जोडून सांगतो ते करू नका, चाटून कुत्रं मरते. पशुवैद्यकाकडून औषध आणा. रेबीजची लस दरवर्षी, बांधलेल्या कुत्र्यालासुद्धा, कारण पिसाळलेलं कुत्रं आलं तर बांधलेल्याला पळता येत नाही.

बिबट्याचं

ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर यांच्या आजूबाजूच्या गावात हे वेगळं सांगायला नको. बिबट्याला कुत्रं आवडते आणि बांधलेलं कुत्रं म्हणजे ताटात वाढलेलं. लोक म्हणतात राखणीला बांधलंय, पण पाच फुटाच्या साखळीवरचं कुत्रं ना रोही हाकलू शकते ना रानडुक्कर, ते फक्त भुंकते, आणि त्या भुंकण्यानं बिबट्या घरापाशी येते जिथं लेकरं झोपली असतात. जंगलालगत राहत असाल तर रात्री कुत्रं दार लागणाऱ्या खोलीत किंवा कोठ्यात घ्या. तिथूनही ते चाहूल लागली की भुंकतेच, राखण होतेच.

सोडायचं कसं

वर्षानुवर्षं बांधलेलं कुत्रं एकदम सोडलं तर ते शेजाऱ्याच्या बकऱ्यांमागं लागेल, लेकरावर जाईल, रस्त्यावर गाडीखाली येईल. आणि चावलं तर जबाबदारी तुमची, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणून पहिले पंधरा दिवस लांब दोर हातात धरून सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास बांधावरून फिरवा. मग कुंपणाच्या आत घरचं माणूस असताना मोकळं सोडा, तासभर, मग दोन तास. नराची नसबंदी केली तर भटकणं पुष्कळदा कमी होते. बांधणं टाळायचं म्हणून दुसऱ्या गावच्या शिवारात नेऊन सोडणं हा उपाय नाही, उपाशी-तहानलेलं मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हाही कलम ११ खाली गुन्हाच आहे.

दुसऱ्याचं कुत्रं असेल तर

आधी बोला. आणि बोलताना कायदा काढू नका, कामाचं बोला. मी असं बोललो होतो:

"रामराम काकाजी, तुमचा शेरू लय भुकते आजकाल."

"हाव ना बाप्पा, झोपू नाही देत."

"आमचाही तसाच भुके. दोर लांब केला अन् संध्याकाळी फिरवाले नेलं तं गप झाला. माह्यापाशी पंधरा फुटाचा दोर उरला हाय, आणून देऊ काय?"

"आण बाप्पा, त्यात काय."

दुसऱ्या दिवशी दोर, कडी आणि कुंडी घेऊन गेलो, सोबत त्यांचा नातू लागला, तासाभरात तार ताणून झाली. दहातल्या सात-आठ जागी एवढ्यानंच काम होते असा माझा अनुभव आहे, कारण लोकांना वाईट वागायचं नसते, त्यांच्या बापानं असंच बांधलं म्हणून ते बांधतात.

नाही ऐकलं तर पोलीस पाटील किंवा तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांना सोबत घेऊन एकदा जा. तोपर्यंत नोंद ठेवायला लागा: वहीत तारीख, वेळ, ऊन का पाऊस, पाणी होतं का, सावली होती का, साखळी अंदाजे किती हात. रस्त्यावरून किंवा आपल्या घरातून फोटो, व्हिडिओ काढा, त्यांच्या अंगणात शिरून नको. एकच दिवसाचा फोटो पुरत नाही, दहा-बारा दिवसांचे वेगवेगळ्या वेळचे पाहिजेत, तेव्हाच "अवाजवी वेळ" दिसतो. आणि रात्री जाऊन साखळी सोडू नका. कितीही जीव तुटला तरी ते कुत्रं कायद्यानं त्यांच्या मालकीचं आहे, चोरीचा आळ तुमच्यावर येईल आणि कुत्र्याचं प्रकरण बाजूला राहील.

जखम, अळ्या, ऊन लागणं असं काही असेल तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना सांगा, फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. डॉक्टरांचा लेखी अहवाल मिळाला तर पुढं तोच सगळ्यात मोठा पुरावा.

मग ठाण्यात अर्ज. कलम ११ चे बांधण्याबाबतचे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस नोंद घेतील, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) देतील, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. "काही होत नाही जा" असं ऐकून परतू नका, नोंद करून घेणं त्यांचं काम आहे. अर्ज साधा लिहा:

"प्रति, मा. ठाणेदार साहेब. विषय: कुत्र्यास आखूड साखळीने सतत बांधून ठेवणे, पाणी व सावली न देणे. महोदय, मौजे अमुक येथील अमुक यांनी त्यांचे काळ्या रंगाचे कुत्रे दि. अमुक पासून अंदाजे चार फूट साखळीने सकाळी सहा ते रात्री दहा बांधून ठेवले आहे. या काळात त्यास एकदाही फिरवलेले पाहिले नाही. खालील तारखांना भर उन्हात पाणी नव्हते. हे कृत्य १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११(१) च्या एफ, जी व एच खाली येते. कलम ३४ प्रमाणे कुत्र्याची पशुवैद्यकीय तपासणी व्हावी ही विनंती. सोबत फोटो, तारखांची यादी, साक्षीदारांची नावे."

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. एक प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्तांना आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला पाठवा. कुत्र्याला कोणी विष घातलं, पाय तोडला तर गोष्ट वेगळी, ते न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जाते, पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तिथं एफआयआरच मागायचा.

एनसीनंतरही काही हललं नाही तर तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं खासगी तक्रार करता येते, वकील लागेल. इथं एक मुदत आहे जी बहुतेकांना माहीत नसते: कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हायला पाहिजे. म्हणून वहीतली पहिली तारीख पाहा, तिथून तीन महिने मोजा आणि घरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल करून ठेवा, वकिलाकडं त्याच्या निदान महिनाभर आधी गेलेलं बरं.